दुसरा ब्रेक

समजा, तुम्ही गाडीत बसला आहात. स्टिअरिंग तुमच्यासमोर नाही, शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाईंच्या हातात आहे. या बाईंची मान गेल्या वर्षापासून एका बाजूला धड वळत नाही. तुमच्या पायाखाली एकच पेडल आहे. ब्रेकचं. गाडीतला हा दुसरा ब्रेक. समोर चौक आहे, सिग्नल पिवळा झालाय, आणि बाईंचा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवर निवांत विसावलेला आहे. त्यांना सिग्नल दिसलाय का? दिसला असेल तर आता त्या पाय उचलतील. तुम्ही घाई करून ब्रेक दाबलात तर बिचाऱ्या बाई नापास. नाही दाबलात तर पुढच्या गाडीचा मागचा दिवा तुमच्या मांडीवर. बोला, काय करता?

तुमचं ठरेपर्यंत चौक मागे पडला.

मास्तर असल्या वेळी थांबायचे. थांबण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शेजारचा माणूस आता चुकतोय, चुकलाच, असं वाटत असताना ते शांतपणे समोर बघत बसायचे, आणि दहातल्या नऊ वेळा तो माणूस त्यांच्या आधी ब्रेक दाबायचा. दहाव्या वेळी मास्तरांचा पाय हलायचा. तोही असा, की गाडी थांबल्यावर मधल्या जागेत फार तर एक मांजर मावेल.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. एका मोठ्या इस्पितळाच्या मागे एक बैठी इमारत होती. पायऱ्यांच्या जागी उतार, दोन्ही बाजूंना कठडा, आणि दाराशी केंद्राची गाडी. म्हातारपणामुळे, अर्धांगाच्या झटक्यानंतर, हात-पाय गमावल्यावर माणूस गाडी चालवू शकतो का, हे तिथे तपासलं जायचं. चालवू शकत असेल तर त्याच्या शरीराप्रमाणे गाडी बदलून त्याला शिकवलं जायचं. कुणाला एका हाताने स्टिअरिंग फिरवायला गोल मूठ बसवून दे, कुणाला पायाऐवजी हाताने ढकलायचा दांडा दे, कुणाला नुसता रुंद आरसा पुरे. आतल्या खोलीत एक व्यायामोपचाराच्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर एक सुटं स्टिअरिंग, खाली दोन पेडलं आणि समोर लाल दिवा. दिवा लागला की ब्रेक दाबायचा. तिथून जो सुटला तो मास्तरांच्या हवाली, रस्त्यावर.

त्याआधी मास्तर बरीच वर्षं तरुणांना गाडी शिकवत होते. त्यांच्या मते दोन्हींत फरक एवढाच, की तरुणांना वाटतं आपल्याला येईल आणि म्हाताऱ्यांना वाटतं आपल्याला येतं. जीव मात्र दोन्हीकडे शेजारच्याने मुठीत धरायचा.

मास्तरांचे दोन नियम होते. पहिला, आपला पाय ब्रेकला लागला की परीक्षा संपली. दुसरा, इंजिन बंद होऊन किल्ली आपल्या हातात आल्याशिवाय निकाल सांगायचा नाही. हा दुसरा नियम त्यांना एका निवृत्त साहेबांनी शिकवला होता. मास्तरांनी चालत्या गाडीत सांगितलं, "साहेब, यंदा नको." साहेबांनी गाडी न थांबवता गोल चौकाला चकरा मारायला सुरुवात केली आणि प्रत्येक चकरेला आपल्या बाजूचा एकेक मुद्दा मांडला. पेट्रोल संपेपर्यंत मास्तर मूग गिळून ऐकत होते.

मास्तरांच्या हाताखाली एक मुलगी होती. सगळे तिला शिष्या म्हणायचे, कारण ती स्वतःची ओळख तशीच करून द्यायची. अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. मास्तरांनी तिच्यासाठी डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर बसवून तिला शिकवलं. शिकताना ती इतकी भांडली की तिला पास करून घालवावं असं मास्तरांच्या मनात आलं. पास झाल्यावर ती तिथेच नोकरीला लागली. आता तीही लोकांच्या शेजारी बसून परीक्षा घ्यायची.

"त्यांच्या पायाला आधी संधी द्यायची, तुझा पाय नंतर," हे मास्तरांनी तिला घोटून घोटून शिकवलं होतं.

"मास्तर, तुमचा पाय म्हणजे कचेरीतला साहेब आहे," ती म्हणायची. "सगळं हातघाईवर आल्याशिवाय जागचा हलत नाही."

"म्हणूनच टिकलाय," मास्तर म्हणायचे.

मग एके दिवशी केंद्राची बैठक झाली. तीत मास्तर उठून म्हणाले, "आपण दुसऱ्यांना तपासतो. आपल्याला कोण तपासतं? साठी झालेल्या प्रत्येक परीक्षकाची रस्त्यावर परीक्षा व्हायला हवी. जो नापास, त्याने ती खुर्ची सोडावी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूचना तिथल्या तिथे मंजूर झाली. केंद्रात साठीचा परीक्षक एकच आहे आणि तो आत्ताच बोलून खाली बसलाय, हे मास्तरांच्या घरी जाताना लक्षात आलं.

बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग थोडा सराव करा की."

"मी? सराव?"

"नाही तर काय मी? मी रोज चालवते."

हे खरं होतं. केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असल्याने मास्तर पायी जायचे, आणि कुठे बाहेर जायचं तर गाडी बायको चालवायची. मास्तर शेजारी. तिथे दुसरा ब्रेक नव्हता, पण मास्तरांच्या पायाला ते कधीच पटलं नाही.

"आपल्या गाडीत तुमच्या बाजूचं पायपुसणं फाटलंय," बायको म्हणाली. "माझ्या बाजूचं बघा, नवंकोरं. यावरून काय ते समजा."

"यावरून एवढंच समजतं की तू ब्रेक दाबत नाहीस."

"मी दाबते हो, वेळेवर. तुम्ही शेवटचं गाडी कधी चालवलीत ते आठवतंय का?"

मास्तरांनी आठवून पाहिलं, आणि मग वर्तमानपत्र उघडलं.

परीक्षेच्या दिवशी आधी लाल दिव्याची खोली झाली. दिवा लागला की मास्तरांचा पाय असा आपटायचा की पेडलाखालची लाकडी फळी हादरायची. बाई कौतुकाने म्हणाल्या, "तिशीतला पाय आहे हो." मास्तर छाती काढून बाहेर आले, गाडीपाशी गेले आणि सवयीने शेजारच्या सीटचं दार उघडायला लागले. तिथे शिष्या आधीच बसली होती.

"मास्तर, त्या बाजूने."

"माहीत आहे. दार नीट लागलंय का बघत होतो."

गाडी सुटली. पहिली काही वळणं ठीक गेली. एका ठिकाणी मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "आरसा बघा," आणि स्वतः समोरच बघत राहिले.

"कुणाला सांगताय?" शिष्येने विचारलं.

"सवय," मास्तर म्हणाले, आणि घाईने आरशात बघितलं.

दुकानांच्या रस्त्यावर पुढे एक पांढरी व्हॅन हळू झाली. व्हॅनच्या पुढे पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मास्तरांना सगळं दिसलं. व्हॅनचे लाल दिवे, बाईंनी एका हाताने धरलेला फोन, सगळं. अंतरही त्यांनी मनात मोजलं. आता ब्रेक दाबायला हवा, हेही त्यांना पक्कं कळलं. आणि सगळं कळूनसवरून मास्तर नेहमीसारखे शांत बसून राहिले.

गाडीत एक बारीक, चिरका आवाज झाला. दुसरा ब्रेक दाबला की तो वाजतो. दोघेही पट्ट्यात गच्च आवळले गेले. व्हॅन आणि त्यांच्या गाडीच्या मध्ये मांजरसुद्धा मावलं नसतं.

शिष्येने हाताने पुढची मोकळी जागा दाखवली. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि न मागता किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"बाबागाडी दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली. आत हिरवं पांघरूण होतं."

"मग?"

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"चालवणारा ब्रेक दाबतोय का, त्याची."

शिष्येला हसू आलं होतं, पण मास्तरांचा चेहरा पाहून ते तिने आतल्या आत गिळलं. "मास्तर, चालवणारे तुम्हीच होतात ना."

"हो. ते नंतर लक्षात आलं."

एवढी वर्षं ज्या गुणावर मास्तरांची भाकरी चालली होती, तोच गुण स्टिअरिंगमागे बसल्यावर त्यांच्या गळ्याशी आला होता. शिष्येने निकाल दिला तो असा: नजर उत्तम, पाय उत्तम, निर्णय उत्तम, फक्त तो अमलात दुसऱ्याने आणावा अशी अपेक्षा. परवाना लगेच काढून घेऊ नये, प्रशिक्षण द्यावं, मग पुन्हा परीक्षा. तोवर परीक्षकाच्या सीटवर बसायचं नाही. दुसऱ्यांदा नापास झाले तर कधीच नाही.

"तू दया नाही दाखवलीस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही शिकवलीच नाहीत," ती म्हणाली.

घरी बायकोने "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. तिने फक्त चहात साखर जास्त घातली. मास्तरांना ते जास्त लागलं.

आता मास्तर आपल्याच केंद्रात, आपल्याच बाकावर, शिकणाऱ्यांच्या रांगेत बसू लागले. शेजारी एक काका यायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बोटं अजून अशी थबकत थबकत हलायची, जणू चिमट्यात काहीतरी आहे. त्यांची परीक्षा व्हायची होती. बायको नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात होती. तिला ते रोज स्वतः गाडी चालवत भेटायला जायचे. तिकडे सरळ जाणारी बस नव्हती.

"तुम्हाला काय झालंय?" काकांनी विचारलं. मास्तर कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

"ब्रेक उशिरा दाबतो."

"वयाने होतं तसं."

"वयाने नाही, सवयीने."

"सगळे हेच सांगतात," काका समजुतीने म्हणाले. "मीही डॉक्टरांना हेच सांगितलं. परीक्षा घेणारा कसा आहे हो? म्हणतात, माणूस फार थंड आहे."

"थंड आहे," मास्तर म्हणाले. "सध्या रजेवर आहे."

"चांगलं झालं."

शिष्येने शिकवणी सुरू केली ती मास्तरांचीच वाक्यं वापरून, आणि तीही त्यांच्याच आवाजात. समोर जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं आणि आपण काय करणार तेही बोलायचं, ही रीत मास्तर इतरांना शिकवायचे. तीच तिने त्यांना लावली, पण एक अट घालून.

"प्रत्येक वाक्यात 'मी' आलं पाहिजे."

"पुढे सायकल आहे. पाय उचला."

"कुणी?"

"मी. मी पाय उचलतोय."

"आता कसं."

पण बोलून भागेना. शेजारी कुणीतरी बसलंय आणि त्याच्या पायाखाली ब्रेक आहे, एवढं मास्तरांना ठाऊक असलं की त्यांचा पाय आदराने थांबायचा. एकदा दोघं इस्पितळामागच्या सरावाच्या मोकळ्या मैदानात होते. मध्ये रबरी शंकू मांडलेले. तिसऱ्यांदा शंकू आडवा झाल्यावर शिष्येने गाडी थांबवायला लावली. वाकून तिने कृत्रिम पाय काढला, मागच्या सीटवर ठेवला, आणि खरा पाय दुमडून मांडीखाली घेतला.

"हे काय?"

"आता माझ्याकडे दाबायला पाय नाही. एक मागे बसलाय, एक झोपलाय. चला."

"अगं, काहीतरीच काय."

"रबराचे शंकू आहेत मास्तर, मरणार नाहीत. चला."

मास्तरांनी गाडी पुढे काढली. शंकू समोर येत होता, शेजारी मदतीला कुणी नव्हतं, आणि गाडीतला एक प्रवासी तर मागच्या सीटवर बूट घालून आडवा पडला होता. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी शंकूपासून एवढ्या दूर थांबली, की मध्ये दुसरी गाडी उभी राहिली असती.

"मी दाबला," मास्तर म्हणाले.

"मी बघितलं," शिष्या म्हणाली. "आता यातलं थोडं अंतर परत करा."

त्यानंतर पाय सुधारत गेला. मास्तर संध्याकाळी घरची गाडी बाहेर काढू लागले. आता बायको शेजारी बसायची, हातातली पिशवी छातीशी धरून. "छान चालवता," ती म्हणायची, "पण जरा आधीच थांबता. आपल्याला त्या दुकानापाशी उतरायचं होतं, ते अजून पुढे आहे." मास्तर आनंदाने पुन्हा निघायचे. समोर काही हललं की पाय आपोआप ब्रेकवर. विचार करावा लागत नव्हता, कुणाची वाट बघावी लागत नव्हती.

दुसऱ्या परीक्षेत शिष्येला बोट ठेवायला जागा सापडली नाही. तिने तसं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाली, "मास्तर, या परत." केंद्रात पेढ्यांसारखे बिस्किटांचे पुडे फुटले. लाल दिव्याच्या खोलीतल्या बाईंनी पुन्हा तिशीतल्या पायाचा उल्लेख केला.

मास्तर आपल्या सीटवर परत बसले. आणि पहिली परीक्षा होती घड्याळवाल्या काकांची.

काकांनी त्यांना पाहिलं. "तुम्ही?"

"रजा संपली," मास्तर म्हणाले.

काका जरा ओशाळले. "मी थंड म्हटलं ते…"

"बरोबरच म्हणालात. पट्टा लावा."

काका चालवत होते तेही घड्याळ उघडल्यासारखंच. सावकाश, नीट, प्रत्येक वळणाआधी आरसा, मग दुसरा आरसा, मग मान. पुलावर त्यांनी अंतर ठेवलं. शुश्रूषागृहाच्या रस्त्याने न्या, असं मास्तरांनीच सांगितलं, कारण रोजचा रस्ता तोच. काका जरा सैल झाले. "त्या लिंबाच्या रंगाच्या इमारतीत असते ती," ते म्हणाले. "मी गेलो की पहिलं विचारते, उशीर का झाला. मी वेळेवर गेलो तरी."

तेवढ्यात कडेला उभ्या गाडीचं दार उघडलं.

चिरका आवाज झाला. गाडी थांबली. दारापासून चांगली लांब. मध्ये दुसरी गाडी उभी राहिली असती एवढी लांब. दारातून एक माणूस उतरला, त्याने या दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि निघून गेला.

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता. काकांचाही पाय ब्रेकवर होता.

"मी दाबतच होतो," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि किल्ली मास्तरांपुढे धरली. "तुमचा पाय लागला की संपतं ना? बाकावर ऐकलं होतं."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. किल्ली काकांच्या त्या थबकत्या बोटांत तशीच राहिली.

"तुम्हीच चालवा परत," मास्तर म्हणाले.

"निकाल?"

"आज नाही."

केंद्रात आल्यावर ते थेट शिष्येकडे गेले. ती गोल मुठीचा स्क्रू आवळत होती.

"काकांची परीक्षा तू घे. पुन्हा, पहिल्यापासून."

तिने सगळं ऐकलं. "ते माझ्याकडे पास झाले तर लोक म्हणतील तुमचा पाय चुकला."

"म्हणू देत."

"आणि नापास झाले तर?"

"तर ते नापास. पण माझ्या पायामुळे नकोत."

"मग तुम्ही तोवर काय करणार?"

"सीटवर बसणार नाही. आधी स्टिअरिंगमागे बसता येत नव्हतं, आता शेजारी बसता येत नाही. मागची सीट रिकामी आहे, तेवढीच बघायची राहिली."

शिष्या हसली, मग स्क्रूकडे वळली. "मास्तर, तुम्ही नेहमी शेजारच्याच्या पायावर एक डोळा ठेवता. तेव्हा काय दिसलं?"

मास्तरांनी तो क्षण आठवून पाहिला. काही दिसलं नव्हतं. त्यांनी पायाकडे बघितलंच नव्हतं. चांगला चालक बघतो तसं ते फक्त रस्त्याकडे, त्या दाराकडे बघत होते.

घरी जाताना ते तो क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत राहिले. त्या गाडीचं दार उघडताना त्यांना स्पष्ट दिसायचं. दाराची कड, आतल्या माणसाचा कोपर, काचेवर चमकलेला उजेड. पण त्यांना हवी होती फक्त खालची, स्टिअरिंगखालची अंधारी जागा, आणि ती कुठे सापडत नव्हती. आवाज वाजायच्या आधी, त्यांचा स्वतःचा पाय खाली जायच्या आधी, काकांचा पाय नेमका कुठे होता?